मोकळा कान

गेल्या आठवड्यात कळमनुरीत एका हळदीला गेलो होतो. मांडवाच्या कडेला पिकअपवर बेस-टॉप रचलेले, शेजारी जनरेटर धडधडत होता आणि लॅपटॉपमागे विशीतला एक पोरगा उभा. हेडफोनची एक वाटी कानावर, दुसरा कान मोकळा. झाकल्या कानानं तो पुढचं गाणं ऐकायचा, मोकळ्या कानानं मांडव. कोपऱ्यातली एक आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. त्यानं ते पाहिलं आणि गाण्यातला ढोलकीचा छोटासा तुकडा फिरवत ठेवला, आजी मधोमध पोचेपर्यंत. मगच पुढचा शब्द सोडला. अख्खा मांडव ओरडला.

कूल हर्क हेच करायचा. जमैकातून न्यूयॉर्कला आलेल्या या पोरानं ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधल्या एका इमारतीच्या हॉलमध्ये बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. शाळेच्या कपड्यांपुरते पैसे जमावेत म्हणून तिनं ती पार्टी ठेवली होती. गाण्यात नुसता ताल उरतो तिथंच लोक बेभान नाचतात, हे हर्कनं हेरलं आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून फिरवत तो तेवढाच भाग लांबवू लागला. हिप-हॉप त्यातून उभं राहिलं. त्याचं नाव आज पुस्तकांत आहे. आपल्या पोराला मात्र ‘डीजेवाला’ म्हणून पंगतीच्या शेवटी जेवायला बोलावतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याकडे डीजेची बातमी येते ती डेसिबलची. नियम हवाच. रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आणि दहानंतर बंद. छातीत धडकी भरवणाऱ्या स्पीकरच्या भिंतींच्या बाजूनं मी कधीच लिहिणार नाही. पण आवाज म्हणजे कला नव्हे, हे या पोराला आपल्याहून जास्त कळतं. ‘‘लोकं बेस वाढव म्हणतेत, काका. मिक्स तर बारीक आवाजातच कळतं,’’ तो म्हणाला.

दिवसा तो मोबाइलच्या दुकानात बसतो. लग्नसराईत सुपाऱ्या घेतो. रात्री लॅपटॉपवर स्वतःचे ट्रॅक बांधतो. बहुतेकांची गाडी रिमिक्सवर थांबते. हा चुलत्याची हलगी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणतो आणि त्यावर काम करतो. मला यात मोठी गोष्ट दिसते. मुंबईत सिनेसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार जन्मायच्या आधीच मुंबईत हे घडलं होतं, म्हणून जग चकित झालं. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ हे गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं, मराठी शब्दांसकट. या तिघांच्याही हाती आपल्याच घरातलं काही होतं.

आणि आपल्या घरात काय कमी आहे? संत नामदेवांची नर्सी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात. भजनात ठाय लयीतून पखवाज गजरापर्यंत कसा चढत जातो, हे इथल्या पोरांनी मांडीवर बसून ऐकलंय. नाचणाऱ्यांना चढवत नेण्याचं शास्त्र त्यांना आणखी कुठून शिकावं लागणार?

शिकवायचं उरतं ते तंत्र. त्यासाठी तालुक्याच्या गावाला एक बंद खोली, बरे स्पीकर आणि महिन्यातून दोनदा येणारा जाणकार पुरे. युवक महोत्सवात पोवाडा, भारूड असतं, असायलाच हवं. त्याच मंचावर ठरावीक आवाजात पंधरा मिनिटांचं मिक्सिंगही ठेवा. परीक्षक म्हणून एखाद्या हलगीवाल्याला बसवा.

मांडव उठल्यावर त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. अर्धा झालेला ट्रॅक होता. चुलत्याची हलगी, खाली हलका बेस, मागं कुठंतरी बैलाच्या गळ्यातली घंटा, रेकॉर्ड करताना आपसूक आलेली. ती त्यानं काढलेली नव्हती.

‘‘काका, हलगी इथं तोडू, का अजून दोन फेऱ्या चालू देऊ?’’

अजून दोन, मी म्हटलं.