शत्रूच्या खिशातली किल्ली



आमच्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी सहा महिन्यांनी शाळेत आली. डोक्याला रुमाल, कारण औषधांनी केस गेलेले. तिच्या बाकावर कुणी बसेना! मधल्या सुट्टीत एकाने हळूच विचारलं, "बाई, तिचा कॅन्सर आपल्याला लागेल?"

मुळीच नाही! कॅन्सर म्हणजे आपल्याच शरीरातल्या पेशी बिघडून बेसुमार वाढणं. शेजारी बसून किंवा एका डब्यात जेवून तो होत नाही.

मग केस का गेले? नेहमीची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. केसांच्या मुळांतल्या पेशीही भराभर वाढतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसंच हे. म्हणून कॅन्सरच्या पेशीचंच कुलूप ओळखणारी किल्ली हवी.

अशा किल्ल्या आपलं शरीर बनवतं, बरं का! त्यांना म्हणतात प्रतिपिंडे. जंतूवरची खूण ओळखून ती त्याला चिकटतात. प्रयोगशाळेतही ती तयार करता येतात. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या कॅन्सरवरचं असं एक औषध २०१५ साली अमेरिकेत मंजूर झालं. पण तीच खूण नसांवरही असते, त्यामुळे ते देताना फार दुखतं. म्हणून नव्या किल्ल्यांचा शोध चालूच आहे.

त्याच वर्षी एक किल्ली सापडली चक्क मलेरियाच्या परजीवीकडे! गरोदर आईला मलेरिया झाला, की हा परजीवी आपल्या एका प्रथिनाच्या मदतीने वारेला चिकटतो. वारेवरची एक खास साखर ते प्रथिन ओळखतं. कोपनहेगनचे अली सलान्ती आणि कॅनडातले मॅड्स डॉगार्ड यांना आढळलं, की तशीच साखर अनेक कॅन्सरच्या पेशींवरही असते. मग त्यांनी परजीवी बाजूला ठेवून नुसतं प्रथिन बनवलं, त्याला विष जोडलं आणि कॅन्सर असलेल्या उंदरांना टोचलं. गाठींची वाढ रोखली गेली! प्रतिपिंडासारखंच काम, पण किल्ली शत्रूची.

मात्र उंदीर म्हणजे माणूस नव्हे. हे अजून दवाखान्यातलं औषध झालेलं नाही. आणि मलेरिया झाल्याने कॅन्सर बरा होतो, असं तर अजिबात नाही! पालकहो, आज हाती असलेले उपचार वेळेवर आणि पूर्ण घेतले, तर पुष्कळ मुलं बरी होतात. गंडेदोऱ्यांत दिवस घालवू नका.

आणि हो, प्रश्न विचारणारा तो मुलगा दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तिच्याच बाकावर बसला होता. ही किल्ली मात्र आपल्या सगळ्यांकडे आहे. खरं ना?

तुमच्या,
बाई