भर उन्हात निघालेल्या आजोबांना थांबवा

नागपूरकरहो,

मे महिन्याच्या टळटळीत दुपारी एखादे आजोबा अनवाणी चाललेले दिसले आणि "एम्प्रेस मिलच्या पाळीला निघालो" म्हणाले, तर हसून पुढे जाऊ नका. गिरणी केव्हाच बंद पडली, तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. पण त्यांच्या लेखी भोंगा आत्ताच वाजलाय. हा म्हातारचळ नाही, स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेलेलं हे शहर. इथे तहान लागली हे न कळणारं किंवा सांगता न येणारं माणूस उन्हात भटकलं, तर जिवावरच बेततं.

त्यांना सावलीत बसवा, पाणी द्या. गिरणी बंद झाल्याचं पटवत बसू नका. पाळी कुठली होती ते विचारा, तेवढ्यात 112 ला फोन लावा. घरच्यांनी सदऱ्याच्या आतून फोन नंबर शिवून ठेवावा. पाणी मागण्याची वाट न पाहता तासातासाला पेला हातात द्यावा.

आता त्या घरच्यांबद्दल. देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांची सेवा बहुतेक घरांत बायको, सून किंवा मुलगीच करते. सासूबाई जेवून उठतात आणि गॅलरीतून शेजारणीला सांगतात, "सून उपाशी ठेवते हो." शेजारीण ते गल्लीभर करते! रात्र रात्र जागणाऱ्या त्या सुनेला सल्ले नकोत. आठवड्यातून दोन तास तिच्या घरी जाऊन बसा, तिला झोपू द्या, बाजारात जाऊ द्या.

विसरभोळेपणा वाढला तर वयावर ढकलू नका. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, पडल्यावर डोक्यात साचलेलं रक्त यांनीही असं होतं, आणि त्यावर उपचार आहेत. मेडिकल, मेयो किंवा एम्स रुग्णालयात दाखवा. ज्येष्ठांसाठी 14567 आणि मन थकलेल्या घरच्यांसाठी 14416 हे सरकारी मदतक्रमांक आहेत.

महापालिकेकडेही एक मागणी आहे. शहरात दहा झोन आहेत. प्रत्येक झोनमध्ये अशा रुग्णांना दिवसभर सांभाळणारं निदान एक केंद्र हवं. ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रातला कॅरमबोर्ड त्यांच्या कामाचा नाही. आपल्या नगरसेवकाकडे ही मागणी लेखी द्या, आणि उन्हाळा संपायची वाट न पाहता द्या.