एका दिवसात गोवे

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे नवरात्र बसते व पौर्णिमेस, दत्तजयंतीच्या दिवशी, त्याची सांगता होते. ह्या आठवड्यात देवीच्या दर्शनास येणाऱ्यांत कोकणपट्टीतील कुटुंबे किती असतात, हे आपल्या जिल्ह्यातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलस्वामिनी. परळीच्या वैजनाथाशी विवाह करण्यासाठी ती कोकणातून निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाड पाषाण झाले आणि देवी कुमारिकारूपाने येथेच राहिली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हत्तीखान्यातील लेण्यांकडे बोट दाखवून ते वऱ्हाड मुलांना दाखविणारी आजी अजूनही घरोघर आहे. समुद्रकाठच्या कुळांनी सह्याद्री चढून बालाघाटावर यावे, ही वाट पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

अलीकडे ह्याच वाटेने उलट प्रवासही सुरू झाला आहे. दिवाळीची किंवा नाताळची सुटी लागली, की बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव येथून कुटुंबेच्या कुटुंबे गोव्यास निघतात. पंढरपूर, कोल्हापूर करून रात्रीचा प्रवास, पहाटे गोवे. तेथे पोहोचले, की एक दिवसासाठी स्वतंत्र मोटार ठरविली जाते आणि चालक सकाळीच दिवसाचा क्रम ऐकवितो. प्रथम जुने गोवे, तेथील बॉम जेझूची बासिलिका व समोरचे से कॅथेड्रल, मग मंगेशी, म्हार्दोळची म्हालसा, कवळ्याची शांतादुर्गा, जेवण, नंतर पणजीच्या उंच पायऱ्यांचे चर्च, मिरामार, दोना पावला. सूर्यास्ताला समुद्र. दिवस संपला, गोवे संपले.

ह्यात आक्षेपार्ह काय, असे कोणी विचारील. देवदर्शन झाले, परधर्मीयांचे प्रार्थनास्थळही आदराने पाहिले, मुलांना समुद्र दिसला. आमचा आक्षेप प्रवासास नाहीच. तो एका दिवसास आहे. कारण ह्या क्रमात दोन गोष्टी एकाच दुपारी पाहिल्या जातात आणि त्या दोन नसून एकच आहेत, हे मात्र कोणी सांगत नाही.

जुन्या गोव्याहून फोंड्याकडे जाताना वाटेत बाणस्तारीचा पूल लागतो. मोटार तो क्षणात ओलांडते. त्या पाण्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. परंतु मांडवी व झुवारी ह्या दोन नद्यांना जोडणारा हा कुंभारजुव्याचा प्रवाह सोळाव्या शतकात दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे पोर्तुगीजांची तिसवाडी, पलीकडे विजापूरच्या आदिलशहाचा मुलूख. १५१० च्या २५ नोव्हेंबरला, संत कॅथरीनच्या सणादिवशी, आल्बुकर्कने गोवे जिंकले. म्हणूनच से कॅथेड्रल त्या संतिणीस अर्पण केलेले आहे. १५४० पासून तिसवाडीतील आणि पुढे १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडण्यात आली. मंगेश कुशस्थळीस होता, शांतादुर्गा केळशीस, म्हालसा वेर्ण्यास. भक्तांनी देव उचलले, रात्री नदी ओलांडली आणि फोंड्याच्या झाडीत आणून ठेवले. फोंडे पोर्तुगीजांच्या हाती जावयास १७६३ साल उजाडले. तोवर राज्यकर्त्यांचे धोरण बरेच निवळले होते. मंगेशीच्या दीपमाळेपुढे उभे राहून जी शांतता आपल्याला जाणवते ती निर्वासितांनी पुन्हा उभारलेल्या घराची शांतता आहे. सकाळी पाहिलेल्या भव्य कमानी आणि दुपारी पाहिलेले शुभ्र सभामंडप ही एकाच घटनेची दोन टोके होत.

हा इतिहास सांगताना हात आखडता घेऊ नये, तसाच तो अर्धवटही सांगू नये. बासिलिकेचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले व १६०५ मध्ये ती अर्पण करण्यात आली. तेथे चांदीच्या पेटीत ज्यांचे अवशेष आहेत ते फ्रान्सिस झेविअर १५४२ मध्ये गोव्यात आले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर मरण पावले. गोव्यात धर्मन्यायपीठ स्थापावे, अशी मागणी करणारे पत्र त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजास लिहिले होते. ते न्यायपीठ त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. मात्र ह्या न्यायपीठाचा जाच झाला तो मोठ्या प्रमाणात बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच. नवा धर्म स्वीकारूनही जुनी रीत सोडवत नव्हती, हाच त्यांचा अपराध. १७३६ च्या जाहीरनाम्यात तुळस लावण्यास आणि लग्नात ओव्या म्हणण्यास मनाई करण्यात आली. म्हणजे धर्मांतराला दोनशे वर्षे होत आली तरी तुळस अंगणात होती, ओवी ओठांवर होती. आज चर्चमध्ये गुडघे टेकणारा गोमंतकीय त्या पीडितांचाही वंशज आहे, हे ध्यानात न घेता जो जुन्या गोव्यात शिरतो त्याला फक्त इमारती दिसतात.

ओवीचा विषय निघाला आहे तर अंबाजोगाईकरांनी अवश्य लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट सांगतो. दत्तभक्त दासोपंत आपल्या गावी ‘गीतार्णव’ रचीत होते, सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर पासोडी लिहीत होते, त्याच काळात फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट साष्टीत बसून ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहीत होता. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेल्या ह्या माणसाने मराठी इतकी आत्मसात केली, की त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’त जवळजवळ अकरा हजार ओव्या झाल्या. दासोपंतांनी देह ठेवला तो शके १५३७ मध्ये. ‘ख्रिस्तपुराण’ राशोल येथे छापले गेले १६१६ मध्ये. दोघे समकालीन, दोघांचा छंद एक, भाषा एक. धर्मप्रसारासाठी का होईना, परक्या माणसाला पुराणाचे रूप आणि ओवीचा साचा घ्यावा लागला. कारण ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्या कानात तोच नाद होता. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्धच फर्मान काढले. एक दिवसाच्या सहलीत राशोल नसतेच. ज्या जिल्ह्यात दासोपंतांची समाधी आहे, तेथील मंडळींनी तरी ते वगळू नये, असे आम्हाला वाटते.

पंचांगानेही २०२५ मध्ये एक योग घडवून आणला होता. झेविअर यांच्या फेस्तापूर्वी नऊ दिवसांच्या प्रार्थना होतात, त्यांस नोव्हेना म्हणतात. त्या २४ नोव्हेंबरला सुरू होतात आणि ३ डिसेंबरला फेस्त होते. त्या वर्षी दत्तजयंती ४ डिसेंबरला होती. अर्थात अंबाजोगाईस देवीचे नवरात्र आणि जुन्या गोव्यात सायबाचे नऊ दिवस एकाच आठवड्यात आले. आदल्या वर्षी, २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळात, दर दहा वर्षांनी होणारे अवशेषांचे जाहीर दर्शनही झाले. त्या रांगांत हिंदूही होते. ह्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मुंबईत वांद्र्याच्या मोत माउलीला सप्टेंबरच्या जत्रेत नवस फेडणारी किती मराठी घरे असतात, हे ज्यांचे नातलग मुंबईत आहेत त्यांना ठाऊक आहे.

गोव्यात तर हा देवघेवीचा व्यवहार उघड चालतो. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई देवी ह्या बहिणी, असे दोन्ही धर्मांचे लोक मानतात; एकीच्या उत्सवाला दुसरीकडून तेल जाते, दुसरीच्या जत्रेला पहिलीकडून मोगऱ्याची फुले येतात. (त्या लईराईच्या जत्रेत मे २०२५ मध्ये चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, हे विसरता येत नाही. गर्दीचे नियोजन हा आपल्या सर्वच देवस्थानांचा न सुटलेला प्रश्न आहे.) कुंकळ्ळीचे उदाहरण आणखी बोलके आहे. १५८३ मध्ये तेथील गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. नंतर त्यांच्या प्रमुखांना वाटाघाटीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापून काढण्यात आले. गावची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. आजही फाल्गुनात ती आपल्या मूळ गावी परतते आणि तिच्यापुढे बारा छत्र्या नाचतात. त्या बारा छत्र्या बारा वांगडांच्या, म्हणजे गावकरी कुळांच्या. आणि त्यांतील ख्रिस्ती झालेल्या कुळांचाही मान राखलेला आहे. रक्त सांडले ते खरे, मान राहिला तोही खरा. हे पाहण्यासाठी मात्र तारीख धरून जावे लागते.

अशा प्रदेशात मग वादही लवकर पेटतात. २०२४ च्या ऑक्टोबरात झेविअर यांच्या अवशेषांची डीएनए चाचणी करावी, अशी मागणी एका जुन्या संघकार्यकर्त्याने केली आणि गोव्यात रस्ते अडले. इतिहासाचा वाद इतिहासाच्या कागदांनी लढावा, त्याला आमची ना नाही. न्यायपीठाचे अत्याचार लपविण्याचे कोणासच कारण नाही. परंतु श्रद्धेय वस्तू प्रयोगशाळेत नेण्याचा पायंडा पडला तर तो एका चर्चपाशी थांबेल काय? आपल्या देवघरांतही पिढीजात अनेक वस्तू आहेत, ज्यांचे मोल चाचणीने ठरत नाही.

श्रद्धाळू घरांतून एक शंका नेहमी विचारली जाते, की चर्चमध्ये जावे काय? जावे, पाहुणा ज्या अदबीने परक्याच्या घरी जातो तसे जावे. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. मंगेशीसही तोच दंडक आहे. एका गोष्टीची मात्र फार गल्लत होते. प्रार्थना चालू असताना लोक रांगेने पुढे जाऊन पांढरी चकती घेतात, ती प्रसाद समजून आपलेही लोक हात पुढे करतात. तो आपल्या अर्थाने प्रसाद नव्हे. कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे ते ख्रिस्ताचे शरीर असते आणि त्यांच्यातही विधिपूर्वक दीक्षा झालेल्यांनाच ते दिले जाते. आपण बाकावर शांत बसून राहावे; त्यात कोणाचाही अवमान होत नाही.

आता ज्या कारणाने हा विषय आजच्या पृष्ठावर घेतला ते कारण. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग शासनाने योजिला आहे. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने त्याच्या आखणीस आणि भूसंपादनादी कामांकरिता सुमारे २०,७८७ कोटी रुपयांस मंजुरी दिली. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ह्या शक्तिपीठांबरोबर परळी व अंबाजोगाई ही आपली क्षेत्रेही ह्या मार्गाने जोडावयाची आहेत. नागपूर ते गोवे हा अठरा तासांचा प्रवास आठ तासांवर येईल, असे सांगण्यात येते. ज्या बीड शहरास रेल्वे पाहावयास २०२५ चा सप्टेंबर उजाडला, तेथील माणसाला वेगाचे आकर्षण वाटले तर त्यास दोष कोण देईल?

तथापि ह्या मार्गास देवीचे नाव दिले म्हणून त्याची चिकित्सा करू नये, असे होत नाही. कोल्हापूर, सांगली ह्या भागांतील शेतकऱ्यांनी बागायती जमिनी जाणार म्हणून २०२४ पासून प्रखर विरोध केला. आखणीत फेरफारांची भाषा झाली. आपल्याकडील शेतकऱ्यांच्या तक्रारी तितक्या गाजल्या नाहीत, एवढेच. कोरडवाहू असली तरी जमीन ती जमीनच. शिवाय मार्गशीर्षात जिल्ह्यातील हजारो घरांना कुलूप असते. ती माणसे ऊसतोडीला त्याच कोल्हापूर-सांगलीच्या फडांत गेलेली असतात. गोव्याच्या घाटापासून काही तासांच्या अंतरावर ती दर वर्षी महिनोन्‌महिने राहतात. समुद्र त्यांतल्या किती जणांनी पाहिला असेल? तीर्थक्षेत्रे जोडणारा रस्ता प्रथम कोणासाठी, हा प्रश्न देवीच्या दारात विचारण्यासारखा आहे.

आणि रस्ता झालाच, तर प्रवासाचे काय होईल? आठ तासांत गोवे आले की एक दिवसाची सहल अर्ध्या दिवसाची होईल, ही आमची भीती आहे. ज्यांना जमेल त्यांनी आतापासूनच एक मुक्काम वाढवावा. पहिल्या दिवशी जुने गोवे पाहून बाणस्तारीच्या पुलावर गाडी उभी करावी, मुलांना दोन्ही तीर दाखवावे आणि मग मंगेशीस जावे. दुसरा दिवस राशोल, कुंकळ्ळी, फातर्पे ह्यांना द्यावा. उत्तरेकडे वळायचे असेल तर नार्वे येथे सप्तकोटेश्वर आहे. कदंबांचे हे दैवत पोर्तुगीजांच्या उच्छेदानंतर तेथे आले आणि १६६८ मध्ये शिवछत्रपतींनी त्याचे देऊळ बांधविले. समुद्र संध्याकाळी कोठेही दिसतो.

परतताना पत्रादेवी लागेल. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही ह्याच सीमेवरून गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी येथे पडलेल्यांत पंजाबचा कर्नेल सिंग बेनिपाल हा तरुणही होता. गोवे मुक्त झाले ते १९ डिसेंबर १९६१ ला. ज्या पत्रादेवीस शक्तिपीठांचा महामार्ग संपावयाचा आहे, तेथे ह्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. चालकाला आधी सांगून ठेवावे लागते, अन्यथा गाडी थांबत नाही.