गावकुसाला मुक्कामाची जागा द्या

चंद्रपूर जिल्ह्यात मूलला माझं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधण्याचं वर्कशॉप आहे. ट्रॉली घ्यायला येणारा शेतकरी रंग विचारत नाही, डिझाइन विचारत नाही. त्याचा प्रश्न एकच असतो, "भाऊ, बांधीत चालंल ना?" धानाच्या बांधीतला चिखल, मधले धुरे, नाल्याचा उतार सोसून जी ट्रॉली घरी येते, ती चांगली.

घरच्यांसाठी मुक्कामाला न्यायचा कॅम्पर ट्रेलर बांधायला घेतला, तेव्हा माप हेच धरलं. ओढणारी गाडी बोलेरो. म्हणून ट्रेलरच्या दोन चाकांमधलं अंतर बोलेरोएवढंच ठेवलं. मुरमाच्या रस्त्यावर गाडीने पाडलेल्या चाकोरीतूनच तो मागे येतो. चाकं, टायर तेच, त्यामुळे एक स्टेपनी दोघांना पुरते. एकच ॲक्सल, खाली पाटे, पाण्याची टाकी ॲक्सलच्या जवळ आणि होईल तेवढी खाली. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर यावा लागतो. कमी आला तर ट्रेलर मागे झुलायला लागतो आणि वेग वाढला की गाडीलाही सोबत झुलवतो. फार जास्त आला तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही. ट्रॅक्टरची सैल पिन इथे चालत नाही, दर ब्रेकला मागून धक्का बसतो. म्हणून घट्ट बसणारा, पण खड्ड्यात सगळ्या बाजूंनी वळू शकणारा हुक घेतला, आणि तो निसटलाच तर धरून ठेवायला दोन साखळ्या.

खोकं चौकोनी पाइपचं, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय, मध्ये पफ. चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे जातो; नुसत्या पत्र्याच्या खोक्यात फेब्रुवारीची दुपारसुद्धा काढवत नाही. खिडक्यांना बारीक जाळी, कारण शेजारच्या गडचिरोलीत हिवतापाला हलक्यात घेऊन चालत नाही. धुळीवरचा उपाय मला फार आवडतो. छताच्या पुढच्या बाजूला जाळीचं एक तोंड ठेवलं आहे. चालताना हवा तिथून आत भरते, आतला दाब थोडा वाढतो आणि फटींतून धूळ शिरण्याऐवजी हवाच बाहेर पडते. मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. तो बायकोने स्वतःच्या उंचीला मोजून घेतला. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही, हा नियम नातवंडांनाही पाठ आहे.

असा ट्रेलर बांधू पाहणाऱ्यांना एक कळकळीने सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हेही वाहनच आहे. त्याची वेगळी नोंदणी लागते आणि नोंदीत नसलेले बदल परस्पर करता येत नाहीत. आधी आरटीओत जाऊन विचारा, मग वेल्डिंग मशीन सुरू करा. १९४७ साली अमेरिकेत 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकाने घरी बांधायच्या छोट्या ट्रेलरचे नकाशे छापले होते. आपल्याकडे परिवहन खात्याने एक मंजूर नकाशा मराठीत छापला, तर तालुक्या-तालुक्यातल्या फॅब्रिकेशनवाल्यांना काम मिळेल आणि रस्त्यावर धोक्याची जुगाडंही येणार नाहीत.

सहकुटुंब मुक्कामाला निघणं आमच्या भागाला नवीन नाही. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला लोक बंडीने जात. बंडीत तनस पसरायची, वर सतरंजी, ऊन लागू नये म्हणून तट्ट्याचं छत. वैनगंगेच्या काठी बंड्या सुटायच्या, तीन दगडांवर भात शिजायचा आणि सगळं घर तिथेच झोपायचं. मला ते दिवस आठवतात. आज त्याच घरातली मुलं नोकरीला लागली, गाड्या आल्या, आणि फिरायला जायचं म्हटलं की ताडोबाच्या गेटजवळची महागडी खोली नाहीतर जिल्ह्याबाहेरचा रस्ता, एवढंच सुचतं. ताडोबा १९५५ साली राज्याचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, त्याचा अभिमान आम्हाला आहेच. पण १९८२पर्यंत गडचिरोलीसह ज्या एका जिल्ह्यात आम्ही सारे होतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती भेटतात. सिरोंच्याजवळ वडधमला झाडांचे आणि डायनासोरचे जीवाश्म आहेत. आलापल्लीला राखून ठेवलेलं जुनं सागवान आहे. चंद्रपूरच्या किती मुलांनी हे पाहिलं? हे सगळं एका दिवसात पाहून येण्याजोगं अंतर नाही, आणि रात्र कुठे काढायची हा प्रश्न सुटत नाही.

जंगलात काढायची नाही, याबद्दल मी ठाम आहे. ट्रेलर खडबडीत रस्त्यासाठी बांधला म्हणजे तो झाडीत घुसवायचा परवाना मिळाला, असं मानणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. राखीव जंगलात विनापरवाना शिरणं आणि विस्तव पेटवणं हा १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. मोहफुलं पडतात, तेंदूपाना तोडला जातो, ते दिवस वणव्याचेच असतात. शिवाय ब्रह्मपुरी, मूल, सिंदेवाही, सावली या पट्ट्यात वाघ अभयारण्याबाहेर राहतो. मोह वेचायला गेलेली बाई परत आली नाही, ही बातमी आमच्याकडे दर उन्हाळ्यात येते. ज्यांना पोटासाठी जंगलात जावंच लागतं, त्यांच्या वाटेवर आपण हौसेने खरकटं टाकून अस्वल-वाघाला सवय लावायची, हे मला सहन होत नाही.

मुक्काम गावाशेजारी हवा. मार्च २०२१मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात कॅम्पर ट्रेलरचंही नाव आहे, कॅरॅव्हॅन पार्कचीही कल्पना आहे. पण पार्क म्हटलं की डोळ्यांपुढे गुंतवणूकदार येतो, आणि मग भाडं पुन्हा रिसॉर्टच्या वाटेने जातं. आमच्याकडे लागतं फार थोडं: चार-पाच गाड्या उभ्या राहतील एवढी कठीण जमीन, बोअरचं पाणी, स्वच्छ संडास, सौर दिवा, भोवती कुंपण. भाड्याची पावती ग्रामसभेची. जेवण हवं असेल तर ते बचत गटाकडून. अंधार पडल्यावर कुंपणाबाहेर जायचं नाही, स्पीकर नाही, दारू नाही, उघड्यावर अन्न ठेवायचं नाही. भामरागडसारख्या तालुक्यात पोलीस ठाण्यात आधी नोंद.

पर्यटक आले की आदिवासी गावं पाहायची वस्तू होतील, ही भीती मी ऐकली आहे आणि ती खोटी नाही. म्हणूनच निर्णय पर्यटन विभागाचा नको, ग्रामसभेचा हवा. आणि तिचा नकार अंतिम मानला पाहिजे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला, त्यानंतर गडचिरोलीतल्या हजाराहून अधिक गावांना तो मिळाला. बांबू आणि तेंदूपान्याचा व्यवहार अनेक ग्रामसभांनी स्वतः चालवून दाखवला आहे. पाच गाड्यांच्या तळाचा हिशेब त्यांना जड नाही.

जागेसाठी वनजमिनीला हात लावायचीही गरज नाही. धान निघालं की डिसेंबरपासून गावालगतच्या कितीतरी बांध्या पुढच्या पावसापर्यंत रिकाम्या पडून असतात. ज्याची बांधी, त्याला भाड्यातला वाटा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घेता येतो. ठराव झाला तर धान कापून होईपर्यंत संडास आणि पाण्याची सोय उभी करायला दोन महिने हातात राहतात.