किट मुलांनीच भरावं, पण फोटो नको

मंडळी, या वीकांताला जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. विषय आपल्या सोलापूरचाच.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला. माढा, करमाळा, मोहोळ या भागातली कितीतरी गावं पाण्यात गेली, लांबोटीपाशी पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. मग आपण शहरातल्या लोकांनी मदतीची किट भरायला घेतली आणि 'संस्कार' म्हणून मुलांनाही बसवलं. चांगलंच आहे. पण होतं काय? यादी बाबा करतात, सामान आई आणते, पोरगं पिशवीत बिस्किटांचा पुडा टाकतं. वर सोसायटीच्या नावाचं स्टिकर. मग बॅनर, फोटो, सर्टिफिकेट! पोरगं शिकलं काय, तर कॅमेरा चालू असताना पिशवी कशी धरायची.

२०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो होते. २०२५ मध्येही मदतीच्या किटवर तेच. तेव्हा आपण किती चिडलो होतो! मग आपल्या स्टिकरचं काय?

दुसरी गोष्ट. आमच्या धंद्यात क्लायंटला न विचारता कोड लिहायला बसलं तर टीम लीड सोलून काढतो. दान करताना मात्र विचारायची गरजच वाटत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत लोकांनी पाठवलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. तिथे कुणी ते वापरतच नव्हतं. शेवटी 'गूंज' सारख्या संस्थेला ते निवडून मार्गी लावावे लागले. म्हणजे आधीच संकट, त्यात आपला कचरा निस्तरायचं काम वेगळंच.

पुरातही तेच. चूल भिजलेली, गॅस वाहून गेलेला, आणि आपण कच्चे तांदूळ नि डाळ पाठवतो. अहो, सोलापूरकरांना हे सांगायला हवं का? कडक भाकरी आणि शेंगाचटणी न शिजवता खाता येते, कित्येक दिवस टिकते!

मग मुलांनी काय करावं? माझ्या मते त्यांनी दप्तराचं किट करावं, कारण त्या विषयातले तज्ज्ञ तेच आहेत. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात. वह्या, कंपास, दप्तर बहुतेक वेळा घरच्यांनाच घ्यावं लागतं. चौथीतल्या पोराला पक्कं ठाऊक असतं की दुरेघी कशाला, चौरेघी कशाला आणि गणिताला चौकटीची वही का लागते. फोनही त्यालाच लावू द्या : "गुरुजी, तुमच्या शाळेत दुसरीत किती मुलं आहेत? माध्यम कुठलं?" हो, माध्यमही विचारावं लागतं. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडे कन्नड शाळाही आहेत. तिथे मराठी गोष्टींची पुस्तकं पाठवून कुणाचं भलं होणार? मग टेस्टिंग. शार्पनरने खरंच टोक निघतं का, दप्तराची चेन दहा वेळा उघडून-लावून टिकते का. हे सगळं पोरांनी करायचं, आपण फक्त पैसे द्यायचे आणि गाडी चालवायची.

"एवढ्या लहान मुलांना कसं जमेल?" असं म्हणणाऱ्यांच्या घरी मोबाईलची सेटिंग्ज कोण बदलून देतं, ते मला माहितीये. :-)

दुसरा आक्षेप : "फोटो टाकला की इतरांना प्रेरणा मिळते." मिळू दे की. भरलेल्या खोक्यांचा टाका, किती दप्तरं गेली तो आकडा टाका. पण घेणाऱ्या मुलाला रांगेत उभं करून, हातात पिशवी देऊन 'इकडे बघ' म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला? त्याचं घर वाहून गेलंय, लाज नाही वाहून गेली. उद्या तोच मुलगा पुण्यात तुमच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसेल, आणि तो फोटो तेव्हाही नेटवर असेल. आपल्या पोराचा असा फोटो आपण चालवून घेतला असता का?

असो. माझं म्हणणं एवढंच : मदतीत मुलांना डोकं चालवू द्या, चेहरा दाखवायला लावू नका. किट भरून झालं की पोराला एकच प्रश्न विचारा : "हे दप्तर घेऊन तू स्वतः उद्या शाळेत जाशील का?" 'नाही' म्हणाला, तर पिशवी उघडा आणि पुन्हा भरा.