पहिली ट्रगी आणि बालाघाटची धूळ

नायट्रो इंधनावर चालणारी रेडिओ-नियंत्रित ट्रगी म्हणजे एक-अष्टमांश प्रमाणातील बग्गीची बुटकी चेसिस आणि चारही चाकांना ताकद पोहोचवणारी रचना कायम ठेवून तिला लांब आर्म, रुंद बैठक आणि मोठी चाके दिलेली गाडी. खड्डे, ढेकळे आणि मुरुमाचे चढउतार ती बग्गीपेक्षा सहज पार करते, आणि म्हणूनच बालाघाटच्या पठारावर वसलेल्या अंबाजोगाईसारख्या गावात, जिथे गावाबाहेर पडताच माळरान सुरू होते, पहिली गाडी म्हणून तिची निवड योग्यच ठरते. चूक होते ती पुढच्या खर्चाच्या क्रमात. पहिले पैसे मोठ्या इंजिनावर, ट्यून्ड पाइपवर आणि रंगीत ॲल्युमिनियमच्या भागांवर जातात, तर एअर फिल्टर, फेलसेफ आणि सर्व्हो यांची आठवण पहिला अपघात झाल्यावर होते. पहिल्या वर्षी इंजिनाची ताकद वाढवण्यावर एक रुपयाही खर्च करू नये, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

खरेदीचा पहिला निकष वेग नसून सुट्या भागांचा पुरवठा हा असावा. रेडिओ-नियंत्रित मोटारी सीमाशुल्काच्या दृष्टीने खेळण्यांत मोडतात, आणि खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर व २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले असल्यामुळे, स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेल्या अपरिचित गाडीचा एक आर्म मोडला तरी ती महिनोन्महिने माळ्यावर पडून राहू शकते. आर्म, डिफरन्शियलचे गिअर आणि क्लच शू मुंबई-पुण्याच्या विक्रेत्याकडे शिल्लक आहेत की नाहीत, याची खात्री पैसे मोजण्यापूर्वीच करून घ्यावी. बेअरिंगची अडचण त्या मानाने कमी आहे, कारण ती प्रमाणित मापाची असतात. चाकांत बहुधा बसणारे ८ × १६ × ५ मिलिमीटरचे बेअरिंग औद्योगिक बेअरिंग विकणाऱ्या दुकानात ६८८ या क्रमांकाने मागता येते.

मुंबईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमधील ‘फुल थ्रॉटल’सारख्या स्पर्धांमुळे नायट्रो गाड्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचल्या, आणि वापरलेल्या गाड्यांचा व्यवहारही त्यातून वाढीस लागला. वापरलेली गाडी घेण्यास हरकत नाही, मात्र इंजिन हाताने पारखून घेतले पाहिजे. या इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या, आतून क्रोम चढवलेल्या स्लीव्हचे वरचे टोक किंचित निमुळते असते आणि थंड पिस्टन तिथे आवळून बसतो. ग्लो प्लग काढून फ्लायव्हील बोटांनी सावकाश फिरवावे. पिस्टन सर्वांत वर येताना फ्लायव्हील अडले आणि जोर लावल्यावर ‘टक्’ करून सुटले, तर स्लीव्हमध्ये जीव शिल्लक आहे. ते सलग, कुठेही न अडता फिरले, तर ते इंजिन गरम झाल्यावर बंद पडू लागेल, आणि विकणाऱ्याने किंमत कितीही उतरवली तरी ते घेऊ नये.

मराठवाड्यातील इंजिने वेगाने मरत नाहीत, ती धुळीने मरतात. काळ्या कापसाच्या जमिनीची उन्हाळ्यातील धूळ पिठासारखी बारीक असते, आणि मुरुमाची धूळ तिच्याहून जाड असली तरी अधिक खरखरीत असते. या दोन्ही प्रकारची धूळ कार्ब्युरेटरमधून आत गेली की इंधनातील तेलात मिसळून पिस्टन व स्लीव्ह घासून काढते. म्हणून पहिली सुधारणा दोन थरांच्या फोम फिल्टरची. बाहेरचा जाड सच्छिद्र थर मोठे कण अडवतो, आतला दाट थर बारीक कण धरतो, आणि हे दोन्ही थर फिल्टरच्या तेलात नीट भिजवून, पिळून, तेल सर्वत्र सारखे पसरल्याची खात्री करूनच बसवायचे असतात, कारण कोरडा फोम धूळ धरत नाही, फक्त तिची वाट लांबवतो. फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांमधील रबरी नळी प्लास्टिकच्या पट्टीने आवळून हवाबंद करावी. गाडी चालवून झाल्यावर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात करंगळी फिरवावी. बोटाला केवळ तेलकटपणा लागला तर फिल्टर काम करतो आहे, रेतीचा एक कण जरी टोचला तरी त्या दिवशी इंजिन पुन्हा सुरू करू नये. हा तपास ज्याच्या अंगवळणी पडला, त्याला नवे इंजिन घ्यावे लागण्याची वेळ पुष्कळ उशिरा येते.

दुसरा विषय हवेचा. अंबाजोगाई समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून अधिक उंचीवर असल्यामुळे तेथील हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असतो. त्यात डिसेंबरमधील १२ अंशांची सकाळ आणि मेमधील ४० अंशांची दुपार यांच्या दरम्यान, एकाच माळावर, हवेची घनता जवळजवळ ९ टक्क्यांनी बदलते. कार्ब्युरेटरमधील निडल, म्हणजे इंधनाचा प्रवाह कमी-जास्त करणारा सुईसारखा स्क्रू, जिथल्या तिथे ठेवला तर मेच्या विरळ हवेत मिश्रण इंधनाने जड होते आणि डिसेंबरच्या दाट हवेत तेच मिश्रण हलके पडते. नवख्याचा समज नेमका याच्या उलट असतो. उन्हाळ्यात इंजिन जपले पाहिजे आणि थंडीत ते सुरक्षित असते, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात मेमध्ये जुळवलेल्या निडलवर डिसेंबरच्या सकाळी गाडी पळवणे हा इंजिन घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण या इंजिनाचे वंगण इंधनातूनच येत असल्याने मिश्रण हलके झाले की तेलही कमी पोहोचते. थंडीच्या दिवसांत निडल आधी थोडी उघडावी, सिलिंडरचे डोके केस वाळवण्याच्या यंत्राने गरम करून मगच इंजिन सुरू करावे, आणि त्यानंतर एका वेळी फेऱ्याच्या बाराव्या भागाहून अधिक न फिरवता निडल जुळवावी. डोक्याचे तापमान सर्वसाधारणपणे १०० ते १२५ अंशांच्या दरम्यान असावे. मात्र मेच्या उन्हात केवळ त्या आकड्यावर विसंबून चालत नाही, आणि वेग घेताना एक्झॉस्टमधून धुराची बारीक रेघ दिसते की नाही, हे पाहणे अधिक भरवशाचे ठरते.

इंधन हे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण असते. मिथेनॉलचा एक भाग पूर्ण जळण्यास वजनाने साडेसहा भागांच्या आसपास हवा लागते, तर नायट्रोमिथेनला दोन भागांहूनही कमी, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. त्यामुळे नायट्रोचे प्रमाण वाढले की तेवढ्याच हवेत अधिक इंधन जळते आणि ताकद वाढते. तरीही शिकणाऱ्याने १६ टक्क्यांवर समाधान मानावे. नायट्रोमिथेन स्फोटकांसाठी वापरले जाऊ शकते म्हणून युरोपीय संघाने १ फेब्रुवारी २०२१ पासून याहून अधिक प्रमाणाची विक्री सामान्य ग्राहकांसाठी निर्बंधाखाली आणली, आणि तेथील शर्यती त्यानंतरही चालूच आहेत. तेलाचे प्रमाण १० टक्क्यांहून खाली असू नये. औद्योगिक मिथेनॉल आणून घरी मिश्रण करण्याचा विचार मनातही आणू नये. ते विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जाते आणि त्याची ज्योत भर उन्हात डोळ्यांना दिसत नाही. टपालाने हे इंधन पाठवता येत नाही, आणि परळी स्थानकापर्यंत रेल्वेने इंधनाचा डबा आणणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. वर्षभराची गरज आधी ठरवून, रस्त्याने रीतसर माल पोहोचवणाऱ्या विक्रेत्याकडे चार-सहा जणांनी मिळून मागणी नोंदवणे, हाच सरळ मार्ग आहे.

रेडिओबद्दल थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना जानेवारी २००५ पासून परवाना लागत नाही, त्यामुळे स्फटिकांवर चालणाऱ्या जुन्या रेडिओ संचावर वेळ घालवू नये. फेलसेफ, म्हणजे संदेश तुटताच किंवा बॅटरी खचताच सर्व्होला आपोआप ब्रेकवर नेणारी सोय, गाडी धावण्यापूर्वी ट्रान्समीटर बंद करून तपासावी. चार किलोंची गाडी ताब्याबाहेर गेली तर तिला माळावरचे गुरे राखणारे पोर दिसत नाही.

केवळ गाडी पळवण्याचा आनंद हवा असेल, तर ब्रशलेस मोटारीची विजेवरील ट्रगी आज अधिक सोयीची आहे, हे मान्य केलेच पाहिजे. नायट्रोचे मोल टू-स्ट्रोक इंजिन शिकण्यात आहे. यामाहा आरएक्स-१०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि रस्त्यावरून टू-स्ट्रोक हळूहळू नाहीसे झाले. प्लगचा रंग व धुराचा वास यांवरून मिश्रण ओळखणारे मिस्त्री अजून मराठवाड्याच्या गॅरेजांत आहेत, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने त्यांच्याजवळ बसून जे कळेल ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. क्लच बेलची बेअरिंग, स्टिअरिंगचा दमदार सर्व्हो आणि डिफरन्शियलचे तेल यांची क्रमाने सुधारणा झाल्यावर, आणि मूळ इंजिन त्याच्या नैसर्गिक झिजेने उतरल्यावरच, मोठ्या इंजिनाचा विचार करावा.

गाड्यांसोबत येणाऱ्या माहितीपत्रकांत मराठवाड्यातील हवेसाठी निडलचे आकडे नसतात. अंबाजोगाई, बीड, लातूर आणि धाराशिव भागांतील वाचकांनी दर वेळी गावाचे नाव, दिवसाचे तापमान, इंधनातील नायट्रोचे प्रमाण, इंजिनाचे माप आणि निडल पूर्ण बंद स्थितीपासून किती फेरे उघडी होती, एवढे पाच तपशील वहीत लिहून ठेवावेत आणि एका हंगामाच्या नोंदी मासिकाकडे पाठवाव्यात. त्या पुढील अंकांत तक्त्याच्या रूपाने छापल्या जातील.