हसऱ्या इतिहासाचे वावडे

फलटणमध्ये आम्ही काही अध्यापक आणि विद्यार्थी महिन्यातून एकदा एखाद्या पुस्तकावर बोलायला जमतो. मध्यंतरी एका विद्यार्थिनीने जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेची ‘द ग्रँड सोफी’ (१९५०) ही कादंबरी निवडली. कथानक सांगून झाल्यावर ती म्हणाली, “वाचताना मी फार हसले.” त्यावर आमच्यातल्याच एका ज्येष्ठांनी विचारले, “ते ठीक, पण हाती काय लागले?” प्रश्न सौम्य होता, तरी मुलगी ओशाळली. पुढची दहा मिनिटे ती त्या कादंबरीतून स्त्रीस्वातंत्र्य आणि वर्गसंघर्ष शोधून काढत राहिली. हसल्याबद्दल दंड भरावा तशी. तो दंड अन्यायाचा होता असे आमचे मत आहे, आणि तो परत मागण्यासाठी हा लेख आहे.

विनोदी ऐतिहासिक प्रेमकादंबरी हा प्रकार मराठीत जवळजवळ नाही. मराठीत विनोदकार कमी झाले म्हणून नव्हे, इतिहासाची हौस कमी आहे म्हणून तर नव्हेच. आमच्या वाङ्मयीन जगातले दोन परस्परविरोधी पक्ष या एका बाबतीत एकमताचे आहेत, हे त्याचे कारण. एका पक्षाला इतिहास हे देवघर वाटते. तिथे मोठ्याने हसायचे नसते. दुसऱ्या पक्षाला ऐतिहासिक कादंबरी हे वास्तवापासूनचे पलायन वाटते, आणि त्यात पुन्हा प्रेम व विनोद आला म्हणजे पलायनाची परमावधी. पहिला पक्ष सभागृहे भरवतो, दुसरा अभ्यासक्रम ठरवतो. मधल्या मध्ये वाचकाचा आनंद अनाथ होतो.

हा आनंद कशाचा असतो ते आधी पाहू. हेयरच्या कादंबरीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या लंडनमध्ये एक तरुणी आत्याच्या घरी राहायला येते. बरोबर माकड, पोपट आणि शिकारी कुत्रा असा लवाजमा. घरातला कर्ता मुलगा कडक शिस्तीचा, त्याची नियोजित वधू सद्‌गुणांनी जड झालेली, आणि बहीण एका सुंदर पण निरुपयोगी कवीवर भाळलेली. सोफी सगळ्यांची लग्ने मोडते आणि नीट जुळवते. शेवटी कोणाचे लग्न कोणाशी होणार, हे वाचकाला सुरुवातीलाच उमगते. म्हणून उत्कंठा संपत नाही. ती ‘काय होणार’ सोडून ‘कसे होणार’ याकडे वळते. कीर्तनाच्या श्रोत्याला हे नवे नाही. रुक्मिणी कृष्णालाच वरणार हे माहीत असूनही तो आख्यान संपेपर्यंत उठत नाही.

दुसरा आनंद ज्ञानाचा आहे, आणि तो नाकारणाऱ्यांनी विनोदाचा पुरेसा विचार केलेला नाही. तलवारीचे वर्णन करायला शतकाची माहिती थोडी पुरते; ती चमकली की भागते. विनोदाचे तसे नसते. कोणी कोणासमोर बसायचे, कोणाची गाडी कोणी हाकली तर गावभर चर्चा होईल, कोणता शब्द सभ्य स्त्रीने उच्चारायचा नाही, हे नेमके ठाऊक असल्याशिवाय त्या काळातला विनोद लिहिताच येत नाही. हेयरची ही तयारी पक्की होती. तिच्या ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’ (१९३७) या प्रेमकादंबरीतले वॉटर्लूच्या लढाईचे वर्णन आजही गंभीरपणे वाखाणले जाते. गंमत अशी की, आपले खरे कार्य मध्ययुगावरची भारदस्त कादंबरी हेच, असे तिलाही वाटे. ती अपुरीच राहिली आणि तिच्या मृत्यूनंतर १९७५ साली प्रसिद्ध झाली. वाचकांनी मात्र जिवंत ठेवल्या त्या हसऱ्या कादंबऱ्या.

आता आपल्याकडे पाहू. ऐतिहासिक कादंबरीला मराठीत प्रतिष्ठा नाही, असे कोणी म्हणू नये. साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी २०२५ साली ‘पानिपत’कार विश्वास पाटील यांचीच निवड झाली. पण या परंपरेतले प्रेम कुठे जाऊन पोहोचते? रणजित देसाईंच्या ‘स्वामी’त (१९६२) ते थेऊरच्या चितेपाशी पोहोचते. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’मध्ये (१९७२) ते ताटातुटीत संपते. या कादंबऱ्या आम्हांला प्रिय आहेत. त्यांनी आम्हांला रडवले आहे. तक्रार एवढीच की, गतकाळातल्या माणसांनी आमच्यासाठी फक्त मरायचेच का?

सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या लेक. १६४० साली शिवाजी महाराजांशी त्यांचा विवाह झाला तेव्हा वर-वधू दोघेही लहान होते. १६५९ साली राजगडावर त्यांचे निधन झाले. या एकोणीस वर्षांत त्या कधी हसल्याच नसतील काय? उखाणा घेताना अडल्या नसतील, रुसल्या नसतील, माहेरच्या गोष्टी सांगताना रंगल्या नसतील? आमच्या कादंबरीला त्यांचे समर्पण आणि आजारपण दिसते. त्यांची थट्टामस्करी कल्पिणे तिला अनादराचे वाटते. आम्हांला वाटते, माणसाचे हसू काढून घेणे हाच मोठा अनादर.

आणि हा सोवळेपणा आपल्या परंपरेतला आहे, असेही कोणी सांगू नये; निदान फलटणमध्ये तरी. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी श्रीचक्रपाणींचे हे जन्मस्थान. त्यांचे शिष्य गोविंदप्रभू. लोकांना वेडगळ वाटावे असे त्यांचे वागणे त्यांच्या चरित्रात किती प्रेमाने नोंदले आहे! तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपुरात याच गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला, तेव्हा महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले. मराठीतल्या आद्य कवयित्रीची रचना अशी एका लग्नाच्या लीळेतून जन्मली. पुढे तमाशातल्या गौळणीत पेंद्या आणि मावशी यांनी प्रत्यक्ष कृष्णाच्या वाटेवर पिढ्यान्‌पिढ्या हशा पिकवला. श्रोत्यांची भक्ती त्याने उणावली नाही. मग आमच्याच पिढीची श्रद्धा इतकी ठिसूळ का?

ही ठिसूळता काल्पनिक नाही. आनंद यादवांच्या ‘संतसूर्य तुकाराम’वरून वाद पेटला. ती कादंबरी विनोदी नव्हती, उपहासाची तर नव्हतीच. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, अध्यक्षपदही सोडले; आणि २००९ साली आमच्याच जिल्ह्यातले महाबळेश्वरचे संमेलन अध्यक्षाविना पार पडले. गंभीर कादंबरीची ही गत, तर हसऱ्या कादंबरीला हात कोण घालील? लेखक न लिहिण्याचे ठरवतात तेव्हा त्याची बातमी होत नाही.

एक आक्षेप आम्हांला मान्य आहे. हसणे निष्पाप असतेच असे नाही. ‘द ग्रँड सोफी’तच एका ज्यू सावकाराचे चित्रण आहे, आणि ते जुन्या द्वेषाच्या साच्यातून जसेच्या तसे उचललेले आहे. तिथे आमचे हसू थांबले, आणि थांबायलाच हवे होते. पण असे थांबता येण्यासाठी आधी हसत वाचावे लागते. जे पुस्तक तुच्छतेने बाजूला ठेवले जाते, त्याचा दोष कोणालाच दिसत नाही. या प्रकाराला आम्ही समीक्षेतून सवलत मागत नाही. समीक्षाच मागतो आहोत. संवाद कसा रचला आहे, गैरसमज किती नेमका पेरला आहे, विनोद कोणाच्या अंगावर जातो, हे प्रश्न वर्गात विचारता येतात. ‘हाती काय लागले’ या प्रश्नापेक्षा ते अवघड आहेत.

त्या विद्यार्थिनीला आम्ही पुढच्या बैठकीत पुन्हा बोलायला सांगितले आहे. अट एकच: कोणत्या पानावर, कोणत्या वाक्याला हसू आले तेवढे सांगायचे, आणि का ते. ज्येष्ठही येणार आहेत. त्यांनी पुस्तक मागून नेले आहे.